शोभेची टाकी : पाणी भरपूर, मासे मोजके

सध्या आपल्या मावळात कचेऱ्या सजविण्याची टूम निघाली आहे. पतसंस्था असो, विकास सोसायटी असो, तळेगाव-वडगावचे दवाखाने असोत की लोणावळ्याची हॉटेले असोत, आत पाऊल टाकले की समोर काचेची टाकी आणि तीत फिरणारे रंगीत मासे. आपल्या गट कचेऱ्यांतील शेतकरी कक्षातही अशी एकेक टाकी ठेवावी, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. 'ऊस विकास खात्याचा आणि माशांचा काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध आहे. टाकी म्हणजे पाणी, खत, जंतू, वनस्पती आणि जीव यांचा एक लहानसा मळाच असतो. आणि मळा नीट कसा राहील हे सांगणे हे आमचे रोजचे काम आहे. सबब या सूचनेवर आमचे मत स्पष्टपणे मांडीत आहोत.

प्रथम विरोधी सुराचा विचार करू. "साहेब, आधी उसाचं बिल दाखवा, मासे मग दाखवा," असे म्हणणारे सभासद आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. कोणत्याही कारखान्यात या १४ दिवसांची जागा शोभेची वस्तू घेऊ शकत नाही. परंतु सभासद गट कचेरीत येतो तो केवळ बिलासाठी नव्हे. ऊसनोंद, बेण्याची मागणी, तोडीची चौकशी, माती परीक्षणाचा कागद अशा दहा कामांसाठी तो येतो आणि हंगामात तासन् तास बाकावर बसतो. त्याला बसायला स्वच्छ जागा, प्यायला पाणी आणि डोळ्यांना थोडा विसावा मिळाला तर ती उधळपट्टी होत नाही. मात्र टाकी ठेवायची ती सभासद बसतात तेथे. साहेबांच्या केबिनमध्ये, टेबलामागे, पाहुण्यांना दाखविण्यासाठी ठेवायची असेल तर आमचा ठाम विरोध आहे.

दुसरी गोष्ट. टाकी ठेवायची तर ती नांदली पाहिजे. हिरवे पाणी, काचेवर शेवाळ, एका कोपऱ्यात उलटा तरंगणारा मासा अशी टाकी आम्ही एकाहून अधिक कचेऱ्यांत पाहिली आहे. तिच्यासमोर बसलेला माणूस मनात काय म्हणेल? 'यांना चार मासे सांभाळता येत नाहीत, हे आमचे काम काय करणार?' म्हणून 'देखणी पण कमी कष्टाची' अशी जी मागणी आहे ती योग्य आहे. फक्त कमी कष्टाची टाकी म्हणजे काय, याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे.

लहान टाकी, मोठा त्रास

गैरसमज असा की टाकी जितकी लहान तितके काम कमी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो आणि तो माशाला विषासारखा बाधतो. पुढचे काम जंतू करतात. नायट्रोसोमोनाससारखे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट वनस्पती खातात. शेतात युरिया टाकल्यावर तो पिकाला लागू कसा पडतो, हे शिवारफेरीत आम्ही अनेकदा सांगितले आहे. तेच चक्र येथे पाण्यात चालते. काचेच्या गोल भांड्यात चार-पाच लिटर पाणी असते. त्यात खाद्याची एक चिमूट जास्त पडली की सारे पाणी बिघडते. शंभर लिटर पाण्यात तीच चिमूट पचून जाते. हलक्या, उथळ जमिनीत पाण्याची एक पाळी चुकली की ऊस वाळतो, भारी जमीन चार दिवस धीर धरते. तसेच हे आहे.

आमचे मत असे की कचेरीची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच असावी. हे साडेचार घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण सव्वाशे लिटरांच्या वर. जागा नसेल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच, म्हणजे ५६-५७ लिटरांची टाकी चालेल. त्याहून लहान टाकीच्या भानगडीत पडू नये.

मोठ्या टाकीचे वजन आधीच ध्यानात घ्यावे. पाणी, दगड, वाळू, काच सारे धरून ते दीडशे किलोच्या घरात जाते. म्हणजे ५० किलोची साखरेची तीन पोती. साध्या प्लायवुडच्या टेबलावर तीन पोती कोणी ठेवील काय? त्यातून आपल्याकडचा पावसाळा. लोणावळा, पवन मावळ भागात चार महिने भिंती ओल्या असतात, तेथे प्लायवुड फुगतेच. तेव्हा लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा, त्याला रंग द्यावा, वर सपाट फळी आणि फळीवर थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवावा. जमीन सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या लेव्हलने पाहावे. एका कडेला कल राहिला तर काचेवर ताण येतो. खिडकीसमोर टाकी ठेवू नये, कारण ऊन लागले की शेवाळ माजते.

जमीन पाहून बेणे, पाणी पाहून मासा

को ८६०३२ चांगली जात म्हणून ती पाणथळ, चोपण जमिनीतही लावा, असे आम्ही कधी सांगत नाही. मासे निवडताना मात्र माणसे दुकानात जातात आणि रंग पाहून बोट दाखवितात. आधी तीन गोष्टी पाहाव्यात : पाणी, थंडी आणि वीज.

पाणी : धरणाचे पाणी साधारणपणे मऊ असते आणि बोअरचे जड. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ती आपल्यासाठी चांगली, पण माशाला आणि त्या उपकारक जंतूंना मारक. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. घाई असेल तर दुकानात 'हायपो'चे खडे मिळतात, ते बेताने वापरावेत.

थंडी : डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बंद खोलीतले पाणीही १८-२० अंशांपर्यंत उतरू शकते. डिस्कस, एंजल अशा माशांना २५ अंशांच्या पुढचे पाणी लागते. म्हणजे हीटर आला, हीटरबरोबर विजेचे बिल आले आणि तो बिघडला की मासे गेले.

वीज : पावसाळ्यात झाड पडले, तार तुटली की आपल्या भागात वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही. ज्या टाकीत मासे दाटीने भरलेले असतात तिला हवेचा पंप तासभर बंद पडलेला सोसत नाही. मासे मोजके असले आणि पाण्याचा पृष्ठभाग मोठा असला तर ती रात्र काढते.

हे सर्व पाहता आमची पसंती दोन साध्या माशांना आहे. एक झेब्रा आणि दुसरा रोझी बार्ब. दोन्ही आपल्या देशातल्या नद्या-ओढ्यांतले, आटोपशीर अंगाचे, थोडी थंडी सहज सोसणारे आणि मिळून राहणारे. झेब्र्याच्या अंगावर निळसर पट्टे असतात आणि तो दिवसभर वरच्या पाण्यात फेऱ्या मारतो. रोझी बार्बचा नर रंगात आला की तांबडा दिसतो. दोन्ही थव्याने राहणारे मासे आहेत. एकेक आणून नग वाढविण्यात अर्थ नाही. तीन फुटी टाकीत दहा झेब्रा आणि आठ रोझी बार्ब हे माप आम्ही पुरेसे समजतो. दुकानदार म्हणेल, "साहेब, टाकी रिकामी वाटते, आणखी वीस टाका." ऐकू नये. दाट लावणीचा ऊस पहिले तीन महिने छान दिसतो, पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

न घेण्याच्या माशांविषयीही लिहिले पाहिजे. गोल्डफिश हा गोल भांड्यातला मासा म्हणून प्रसिद्ध झाला, पण तो वीतभर वाढतो, भरपूर घाण करतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. गप्पी हा डास खाणारा म्हणून आरोग्य खात्यामुळे घरोघरी माहीत झाला आहे. तो जिवंत पिल्ले देतो आणि महिन्या-महिन्याला देतो, म्हणून नर-मादी एकत्र ठेवले की मोजके मासे मोजके राहत नाहीत. 'मिस केरळ' नावाचा सुंदर मासा केरळ-कर्नाटकाच्या सह्याद्रीतला. शोभेच्या व्यापारासाठी तो ओढ्यांतून इतका उपसला गेला की त्याची गणना संकटात सापडलेल्या जातींत झाली. फ्लॉवरहॉर्न, अरोवाना हे भरभराट आणतात असे वास्तूचे जाणकार सांगतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. परंतु फूट-दोन फूट वाढणारा मासा तीन फुटी काचेत कोंडून कोणाची भरभराट होईल, हे आम्हांला उमगत नाही.

देखणेपणा साधेपणात आहे

निळे-जांभळे रंगीत खडे, प्लास्टिकची जलपरी, तोंड उघडणारी मगर यांनी टाकी शोभिवंत होते असे आम्हांला वाटत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्याहून देखणा आहे. चार-पाच ओबडधोबड काळे दगड, बारीक धुतलेली वाळू, मागे काळा किंवा गर्द निळा कागद आणि त्यासमोर तांबडे मासे. याहून जास्त काही लागत नाही. दगड घेताना एक परीक्षा करावी. त्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुना आहे. तो पाणी जड करील, तेव्हा तो बाजूला टाकावा. आपला काळा पाषाण या परीक्षेत उतरतो.

वनस्पती खऱ्या ठेवाव्यात. अनुबियास आणि जावा फर्न या मंद वाढणाऱ्या, कमी उजेडात तगणाऱ्या जाती आहेत. त्यांची पाने जाड असल्याने रोझी बार्ब त्या सहसा कुरतडत नाहीत. त्या दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायच्या, खोड वाळूत पुरायचे नाही. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. रात्रंदिवस दिवा ठेवला की शेवाळाला खत घातल्यासारखे होते.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत, ही आमची आग्रहाची सूचना आहे. सभा ठरली, पाहुणे यायचे, म्हणून आदल्या दिवशी टाकी आणून संध्याकाळी मासे सोडले तर आठवडाभरात ते मरू लागतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो. जंतूंची फळी उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी भरून, वनस्पती लावून, स्पंजचा फिल्टर चालू ठेवावा आणि खाद्याची बारीक चिमूट रोज टाकावी. जुन्या, निरोगी टाकीतील वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होते. दही लावताना विरजण घालतात तसे. पुढे मासेही एकदम न सोडता पाच-सहाच्या टप्प्याने सोडावेत.

रोजचे काम मग किती उरते? दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतके खाद्य. आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालणे. काढलेले पाणी फुलझाडांना द्यावे. त्यात नायट्रेट असते, झाडे ते आवडीने घेतात. महिन्यातून एकदा स्पंज पिळून धुवायचा, पण तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धुतला की टीसीएलने जंतू मेले आणि सहा आठवड्यांचे काम वाया गेले. सारी टाकी रिकामी करून घासण्याची हौस कोणी करू नये. दिवाळीच्या सुटीत तीन-चार दिवस खाद्य मिळाले नाही तरी मोठे, निरोगी मासे मरत नाहीत. जाताना मूठभर टाकून जाणारा मात्र त्यांना मारून जातो.

हे काम एकाच माणसाकडे द्यावे आणि त्याचे नाव टाकीशेजारी लिहावे. 'सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही' हा कचेरीचा जुना रोग आहे. बिस्किटे, चिवडा, गुळाचे खडे टाकू नयेत अशी पाटी लावावी. खर्च किती आला तोही पुढच्या अंकात छापावा. सभासदाचा पैसा आहे, चोरून खर्चायचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये

टाकीचा कंटाळा आला, मासे वाढले किंवा कचेरी हलली की पुष्कळ जण पुण्य म्हणून मासे नदीत सोडतात. आमच्या मते या साऱ्या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. बाजारात 'काच साफ करणारा' म्हणून सकर मासा मिळतो. बोटभर असतो तो दीड फुटापर्यंत वाढतो, अंगावर कवच असते, खायला कोणी घेत नाही. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो आणि जाळी फाडतो. तो तेथे स्वतः चालत आला नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. कोणाच्या तरी टाकीतून तो पाण्यात गेला.

उजनी आपल्यापासून दूर, असे म्हणून भागणार नाही. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. लोणावळ्याची तर आणखीच वेगळी कथा. वळवणच्या तलावाचे पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात जाते आणि पुढे कोकणात उतरते, तर लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वाहते. म्हणजे आपण असे माथ्यावर बसलो आहोत की येथे पाण्यात टाकलेली चूक दोन्ही समुद्रांकडे वाहत जाऊ शकते.

जलपर्णीचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. उन्हाळ्यात पवना-इंद्रायणी झाकून टाकणारे हे तण मूळचे दक्षिण अमेरिकेचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंगालात आले ते सुंदर जांभळ्या फुलांची शोभेची वनस्पती म्हणून! शोभा एकाची आणि निस्तरणे गावाचे, असा तो प्रकार झाला.

उलट आपल्या पाण्याचे धन काय आहे ते पाहा. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याने आपल्या लोकांच्या तोंडचे 'खुद्री' हे नावच त्याला दिले आणि आजही जगभर तो 'टॉर खुद्री' म्हणूनच ओळखला जातो. हा मासा कमी होऊ लागला तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात वळवण येथे त्याची पैदास सुरू केली आणि १९७० च्या दशकापासून तेथील पिल्ले तलावांत सोडली गेली, बाहेरच्या राज्यांनाही दिली गेली. देहू-आळंदीच्या डोहांतील माशांना वारकरी हात लावीत नाहीत. अशा पाण्यात आपण बाजारातले उरलेसुरले मासे ओतावेत, हे शोभत नाही. देशी जातीचा मासाही सोडू नये, कारण त्याच्याबरोबर रोग जातो. आणि पवनेतून जाळ्याने मासे पकडून टाकीत आणणेही नको. नको झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावेत.

आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत, म्हणून आणखी एक सांगणे. पर्यावरण संरक्षण नियमांतील १९९३ च्या सर्वसाधारण मानकांत कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या शुद्ध केलेल्या पाण्यासाठी एक कसोटी आहे. त्या निव्वळ पाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर १०० पैकी ९० जिवंत राहिले पाहिजेत. म्हणजे पाण्याबद्दल शेवटचा दाखला कायद्यानेही माशाकडूनच मागितला आहे. कचेरीतील माशांची आम्हांला शोभेपुरतीच नव्हे तर या कारणासाठीही ओढ वाटते. बाकावर बसलेल्या सभासदाला, त्याच्याबरोबर आलेल्या पोराला, पाणी बिघडले की काय होते हे कोणी भाषण न देता कळेल. मग 'आपल्या ओढ्यात असे मासे का नाहीत?' असा प्रश्न तो पोरगा विचारील. विचारू द्यावा आणि त्याचे खरे उत्तर द्यावे.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे : टाकी जरूर ठेवावी, पण शेतकरी कक्षात ठेवावी. पाणी भरपूर, मासे मोजके, दगड काळे, वनस्पती खऱ्या आणि जबाबदार माणूस एक. सहा आठवडे धीर धरण्याची तयारी नसेल, किंवा आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलायला कोणी मिळत नसेल, तर टाकी घेऊच नये. त्या जागी तुळशीची कुंडी ठेवावी आणि पिण्याच्या पाण्याचा माठ रोज घासून भरावा. त्यानेही कचेरीला तितकीच शोभा येईल. सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या गट कचेरीत याबाबतचे मत लेखी कळवावे, ही विनंती.